कार्यालयीन सायबर सुरक्षा नियमांचे पालन : कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचा एक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात संगणक आला, त्यास आता एक पिढी लोटली. प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, वेतन, परीक्षा अर्ज, गुण आणि निकाल ही सर्व कामे संगणकावर व महाजालावर होऊ लागली आहेत. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकाही अनेक ठिकाणी परीक्षेच्या थोडा वेळ आधी महाजालावरून महाविद्यालयात येतात व तेथेच छापल्या जातात. साहजिकच बहुतेक संस्थांनी माहितीच्या सुरक्षिततेसाठी काही नियम केले आहेत. परवलीचा शब्द कोणास सांगू नये, अनोळखी ई-मेल उघडू नये, बाहेरचा पेनड्राइव्ह कार्यालयीन संगणकास लावू नये, असे त्यांचे स्वरूप असते. नियमांचे परिपत्रक निघते, त्यावर सर्वांच्या सह्या होतात आणि ते फाइलमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा परवलीचा शब्द मुख्य लिपिकाच्या टेबलावरील काचेखाली पूर्वीसारखाच असतो.

या विसंगतीचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे दिले जाते की, कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता नाही. त्यावर उपायही ठरलेला असतो : एक दिवसाची कार्यशाळा, चहापान आणि प्रमाणपत्र. हे निदान बहुतांशी चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नियम मोडणाऱ्या कर्मचाऱ्यास बहुधा नियम ठाऊक असतो. तो का मोडला जातो, याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातील काही निष्कर्ष आपल्या कार्यालयांच्या संदर्भात येथे मांडावयाचे आहेत.

नियम आणि काम यांतील तंटा

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळविण्यात आले. चोरट्यांचा प्रयत्न सुमारे ९५ कोटी डॉलरचा होता. या चोरीचा आरंभ पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात सादर केलेल्या माहितीनुसार जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे चोरीच्या वर्षभर आधी, बँकेच्या कर्मचाऱ्यांना एका नोकरी इच्छुकाचे नम्र पत्र ई-मेलने आले. आपला परिचय-तपशील सोबतच्या दुव्यावर पाहावा, अशी त्यात विनंती होती. एकापेक्षा अधिक कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरून तो तपशील उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला.

यावर ‘अनोळखी व्यक्तीचा ई-मेल उघडावयास नको होता’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु नोकरीसाठी अर्ज करणारी व्यक्ती अनोळखीच असते. आस्थापना विभागातील लिपिक दिवसभर अनोळखी माणसांची पत्रे उघडतो, ते त्याचे कामच आहे. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या ई-मेलवर विद्यार्थ्यांची गुणपत्रके, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले जोडपत्रांच्या रूपाने येतात. ‘अनोळखी जोडपत्र उघडू नका’ हा नियम ज्याने केला, त्याने जून महिन्यात कार्यालयाच्या खिडकीमागे एक दिवस बसून पाहिलेले नसते. जो नियम पाळला असता काम बंद पडते, तो नियम माणूस मोडतोच. एकदा असा एक नियम मोडण्याची सवय लागली की, त्या परिपत्रकातील शहाणे नियमही त्याच मालिकेत जाऊन बसतात.

हा विचार नवा नाही. ॲन ॲडम्स व अँजेला सॅसे या दोन संशोधिकांनी १९९९ मध्ये, वापरकर्ता हा शत्रू नव्हे, अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध प्रसिद्ध केला. कर्मचारी परवलीचे शब्द लिहून का ठेवतात व एकमेकांस का देतात, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना आढळले की, एकाच माणसाला अनेक शब्द लक्षात ठेवावे लागतात, ते वारंवार बदलावे लागतात आणि धोका नेमका कशाचा आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. सांगितले नाही म्हणून तो स्वतःच काही अंदाज बांधतो आणि ते बहुधा चुकीचे असतात. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न आपल्याकडेही ऐकू येतो. विचारणाऱ्यास हे ठाऊक नसते की, चोरास त्याच्या संगणकातील कागद नको असतात. त्याच्या संगणकावरून पुढच्या संगणकाकडे जाणारी वाट हवी असते.

सॅसे यांनीच सहकाऱ्यांसह २००८ मध्ये एक उपयुक्त कल्पना मांडली. कर्मचाऱ्याजवळ नियमपालनासाठी कष्ट घेण्याची जी तयारी असते, ती अमर्याद नसते. ती महिन्याच्या घरखर्चासारखी असते. प्रत्येक नियम त्यातून काही ना काही खर्च करतो आणि शिल्लक संपली की माणूस आडवाट शोधू लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ले यांनी २००९ मध्ये याहून कठोर भाषा वापरली. सुरक्षेचे पुष्कळसे सल्ले वापरकर्ते नाकारतात, ते मूर्खपणाने नव्हे. त्या सल्ल्यांचे पालन करण्यात जाणाऱ्या वेळेचे मोल टळणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक भरते, असा हिशेब त्यांनी मांडला. हर्ले यांचा हिशेब घरगुती वापरकर्त्यांचा होता. कार्यालयात एकाच्या चुकीने सर्वांचे नुकसान होते, म्हणून तो जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. परंतु नियम करणाऱ्याने पाळणाऱ्याचा वेळ फुकटचा समजू नये, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

परवलीच्या शब्दाची कथा

परवलीचा शब्द ठरावीक मुदतीने बदललाच पाहिजे, हा नियम आपल्या अनेक कार्यालयांत व शासकीय संकेतस्थळांवर अद्याप चालू आहे. या नियमाचा इतिहास अध्यापकांस विशेष उद्बोधक वाटेल, कारण पुराव्यावाचून केलेला नियम किती दूर पसरतो, याचे ते उदाहरण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये एक मार्गदर्शिका तयार केली. तिच्या परिशिष्टात मोठी व लहान अक्षरे, अंक, चिन्हे यांचे मिश्रण असावे व शब्द नियमितपणे बदलावा, या विचाराला आधार मिळाला. पुढे जगभरातील कार्यालयांनी तो नियम उचलला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये याची परीक्षा केली. त्या विद्यापीठात दर तीन महिन्यांनी शब्द बदलण्याची सक्ती होती. वापरात नसलेल्या सुमारे ७,७०० खात्यांचे जुने शब्द तपासले असता असे दिसले की, मागील शब्द ठाऊक असेल तर सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढील शब्द पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येतो. कारण उघड आहे. सक्तीने बदलावयाचे म्हटल्यावर माणूस शेवटच्या एकचे दोन करतो आणि दोनचे तीन. आपल्या कार्यालयांतून चालू वर्षाचा आकडा शेवटी जोडण्याची पद्धत आहे, ती याच जातीची.

२०१७ मध्ये त्याच संस्थेने सुधारित मार्गदर्शिका काढली. शब्द उघड झाल्याचा पुरावा असल्याखेरीज मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये, लांबीवर भर द्यावा, चिन्हांची सक्ती नसावी, असे तीत सांगितले आहे. २००३ च्या मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनी त्या वर्षी एका वृत्तपत्राशी बोलताना, आपण पूर्वी दिलेल्या सल्ल्यापैकी बऱ्याच भागाचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुली दिली. ही कबुली त्यांच्या मोठेपणाची म्हटली पाहिजे. आपल्याकडे मात्र नियम मागे घेणे ही नामुष्की समजली जाते, आणि म्हणून तो कागदावर चालू राहतो.

समर्थनाची सोय

नियम अवघड असतो म्हणून तो मोडला जातो, हे अर्धे उत्तर झाले. सोपे नियमही मोडले जातात. त्याच्या उलगड्यासाठी संशोधकांनी गुन्हेशास्त्राचा आधार घेतला. साइक्स व मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांविषयी असे म्हटले होते की, गुन्हा करणाऱ्यास समाजाचे नियम मान्य नसतात असे नाही. नियम मान्य असूनही ‘या वेळेपुरता तो मला लागू नाही’ असे समर्थन तो आधीच तयार करतो. सिपोनेन व व्हान्स यांनी २०१० मध्ये हीच कल्पना कार्यालयीन माहिती सुरक्षेस लावून पाहिली. समर्थनाची ही वृत्ती विचारात घेतली असता शिक्षेच्या भयाचा नियमपालनाशी ठळक संबंध उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ही समर्थने आपल्याही परिचयाची आहेत. ‘शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती, विद्यार्थ्यांचे नुकसान झाले असते.’ ‘साहेबांनीच सांगितले होते.’ ‘कोणाचे काय बिघडले?’ यांतील पहिले समर्थन विशेष विचारात घेण्याजोगे आहे, कारण ते खोटे नसते. प्राचार्य परगावी सभेला गेलेले असतात, त्यांच्या मंजुरीवाचून अर्ज पुढे सरकत नाहीत आणि खिडकीबाहेर विद्यार्थी ताटकळत असतात. त्या वेळी त्यांचा परवलीचा शब्द वापरणारा लिपिक स्वतःच्या दृष्टीने कर्तव्य करीत असतो. त्यास सुरक्षेवर व्याख्यान देऊन उपयोग नाही. प्राचार्यांच्या अनुपस्थितीत मंजुरीचा मर्यादित अधिकार उपप्राचार्यांच्या स्वतंत्र खात्यास देण्याची सोय केली, तर समर्थनाची गरजच उरत नाही. अशी सोय जेथे प्रणालीत नसेल, तेथे ती मागणे हे महाविद्यालयाचे काम आहे.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. हेच कर्मचारी कागदावरील गोपनीयतेचे नियम मात्र काटेकोर पाळतात. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाचे सील साक्षीदारांसमक्ष फोडले जाते, त्यावर वेळ लिहून सह्या होतात. प्राचार्यांची सही करण्याचे धाडस कोणी लिपिक स्वप्नातही करणार नाही. परंतु प्राचार्यांचा परवलीचा शब्द वापरून तो दिवसातून दहा वेळा त्यांच्या नावाने मंजुरी देतो. माणूस तोच आहे. फरक इतकाच की, सहीचा अर्थ त्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने कळलेला आहे, तर परवलीचा शब्द ही त्याच्या लेखी कुलपाची किल्ली आहे. किल्ली विश्वासू माणसाकडे द्यावयाची असते, आणि ती देण्यात मानही असतो. संगणकाच्या लेखी मात्र तो शब्द म्हणजे सहीच. उद्या चौकशी झाली तर नोंदीत प्राचार्यांचे नाव निघेल आणि लिपिकाच्या बाजूने तोंडी आदेशाखेरीज कोणताही पुरावा नसेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क अन्वये दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर अप्रामाणिक नव्हता, हे सिद्ध करण्याची धावपळ त्या लिपिकासच करावी लागेल. कर्मचाऱ्यांस हा नियम समजावून देताना संस्थेच्या हितापेक्षा त्यांच्या स्वतःच्या संरक्षणाचा हा मुद्दा पुढे ठेवावा, असे सुचवावेसे वाटते.

प्रशिक्षणाची मर्यादा

कार्यशाळांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बनावट ई-मेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यावयाची व जो फसेल त्यास लगेच धडा दाखवावयाचा, ही पद्धत मोठ्या संस्थांत रूढ आहे. झुरिच येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी १५ महिने, १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या एका संस्थेत या पद्धतीचे निरीक्षण केले. असा धडा दाखविलेले कर्मचारी पुढे अधिक सावध झाले नाहीत, उलट काहीसे अधिक फसले, असे त्यांस दिसले. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या आरोग्य संस्थेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणामुळे फसण्याच्या प्रमाणात जेमतेम १.७ टक्क्यांचा फरक पडला. प्रशिक्षण बंद करावे, असा याचा अर्थ नाही. सर्व भार त्यावर टाकू नये, एवढाच आहे.

झुरिचच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. संशयास्पद ई-मेल कळविण्याची सोपी सोय दिली असता कर्मचाऱ्यांनी ती वापरली, त्यांच्या सूचना बऱ्यापैकी अचूक व जलद होत्या, आणि महिने उलटले तरी त्यांचा उत्साह टिकला. माणूस हा सुरक्षेतील कच्चा दुवा, असे नेहमी म्हटले जाते. परंतु बांगलादेश बँकेच्या प्रकरणातही श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर वाचले, त्यास एक कारण असे घडले की, पैसे मिळणाऱ्या संस्थेच्या नावातील ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले होते आणि मधल्या बँकेतील कोणाच्या तरी ते नजरेस आले. शुद्धलेखनाची चूक पकडणारा तो डोळा कोणत्याही आज्ञावलीत नव्हता.

भय आणि मौन

प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका महाविद्यालयात घडलेला प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या एका तरुण लिपिकाने शिष्यवृत्तीसंबंधीचे वाटणारे एक जोडपत्र उघडले. संगणक थोडा वेळ अडकला व पुन्हा सुरू झाला. काहीतरी चुकले, हे त्याच्या लक्षात आले होते. परंतु मागील वर्षी अशाच एका चुकीबद्दल दुसऱ्या एकास सर्वांसमक्ष बोलणी बसली होती आणि याच्या नेमणुकीची मुदत महिन्याभराने संपणार होती. तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी कार्यालयातील चार संगणकांवरील फाइली उघडेनाशा झाल्या. पहिल्या दिवशी तो संगणक जाळ्यातून नुसता काढून ठेवला असता, तर बाकीचे तीन वाचले असते. नंतर झालेल्या सभेत ‘हे केव्हा घडले?’ असे कोणी विचारले नाही. ‘कोणी केले?’ हाच पहिला प्रश्न होता. लिपिकास ज्ञापन देण्यात आले, पुढील नेमणूक मिळाली नाही, आणि आता त्या कार्यालयात कोणीही कोणतीही चूक कळविणार नाही, याची खात्री बाळगावी.

शिक्षेच्या समर्थकांनी येथे कायद्याचाही विचार करावा. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक झाले आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील, म्हणजे या कायद्याच्या भाषेत बालक आहेत, हेही आपल्या ध्यानात असावे. सहा तासांची मुदत पाळावयाची असेल, तर चूक करणाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात तोंड उघडले पाहिजे. ते तो शिक्षेच्या भयाने उघडणार नाही. म्हणून आपण होऊन चूक कळविणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे संस्थेने लेखी द्यावे, आणि ते आश्वासन कंत्राटी व तासिका तत्त्वावरील कर्मचाऱ्यांसही लागू आहे, असा स्पष्ट उल्लेख करावा. जाणूनबुजून केलेला गैरव्यवहार हा अर्थातच वेगळा विषय आहे.

वरिष्ठांचे वर्तन

अलीकडे महाविद्यालयांत फसवणुकीचा एक प्रकार वाढला आहे. प्राचार्यांचे छायाचित्र लावून अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर संदेश येतो : ‘मी सभेत आहे, बोलता येणार नाही, तातडीने इतके रुपये पाठवा.’ पाठविणाऱ्याने आपल्या कार्यालयीन संस्कृतीचा अभ्यास उत्तम केलेला असतो. वरिष्ठांस उलट प्रश्न विचारावयाचा नाही, त्यांचा शब्द खाली पडू द्यावयाचा नाही, हे आपण शिष्टाचार म्हणून शिकलो, आणि चोर नेमका तोच शिष्टाचार वापरतो. यावर उपाय तांत्रिक नाही. पैसे, परवलीचा शब्द किंवा गुणांतील बदल यांविषयीचा कोणताही निरोप आला असता कनिष्ठाने ज्ञात क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी, तो उद्धटपणा समजला जाणार नाही, असे प्राचार्यांनी स्वतः सभेत सांगितले पाहिजे. आणि पुढच्याच आठवड्यात कोणी खरोखर फोन केला, तर त्रासिक सुरात ‘आवाज ओळखता येत नाही का?’ असे विचारू नये. नियमाचे भवितव्य त्या एका वाक्यात ठरते.

नियमांची संख्याही कमी करावी. वीस कलमांच्या परिपत्रकापेक्षा पाच नियम बरे. ते करताना मुख्य लिपिक, ग्रंथालय परिचर व परीक्षा विभागातील सेवक यांस बरोबर घ्यावे. कोणत्या नियमाने काम अडेल, हे संगणकशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा त्यांस अधिक कळते. प्रत्येकास स्वतंत्र खाते द्यावे, दुसऱ्या पायरीची पडताळणी सुरू करावी आणि फाइलींची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी. या कामांस कर्मचाऱ्यांच्या सद्‌गुणांची फारशी गरज लागत नाही, म्हणूनच ती आधी करावीत. जुना नियम निरुपयोगी ठरला, तर तो रद्द झाल्याचे परिपत्रकही तितक्याच ठळकपणे काढावे.

पैशाची फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता असते. हा क्रमांक कार्यालयात दर्शनी लावावा आणि तो फिरविण्यासाठी प्राचार्यांच्या पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही, अशी सूचना त्याखालीच, प्राचार्यांच्या सहीने असावी.